माझा एकमेव मंजूर अर्ज

चाळीस वर्षांत मी लिहिलेल्या असंख्य अर्जांपैकी फक्त एकावर तात्काळ कार्यवाही झाली, आणि नेमका तोच अर्ज मी करायला नको होता.

मी सोलापूरच्या दिवाणी न्यायालयातून लिपिक म्हणून निवृत्त झालो. निवृत्तीनंतर माणसे फिरायला जातात. मी पत्रे लिहितो. गटाराचे तुटलेले झाकण, भर दुपारी जळणारा रस्त्यावरचा दिवा, एसटी थांब्यावरचे चुकीचे वेळापत्रक, असे कोणतेही प्रकरण मला वर्ज्य नाही. माझ्या प्रत्येक पत्राला जावक क्रमांक असतो, तीन प्रती असतात आणि उत्तर नसते. (उत्तर न आल्याबद्दलच्या स्मरणपत्रांची फाइल वेगळी आहे.)

माझी पत्नी पद्मा हिचे माहेर सोलापुरातल्याच तेलुगू विणकरांचे. आठवीत तिची शाळा सुटली आणि ती घरच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसली. दहावी तिने लग्नानंतर बाहेरून दिली. आमच्या गल्लीच्या टोकाला शाळा आहे. तिथली काही मुले चौथीत पोहोचूनही ओळ वाचताना अडखळतात, हे पाहून ती एके दिवशी थेट मुख्याध्यापिकाबाईंपुढे जाऊन उभी राहिली. बाई म्हणाल्या, “वाचन शिकवण्याचा ऑनलाइन अभ्यासक्रम करा, प्रमाणपत्र आणा. जूनपासून रोजचा एक तास तुमचा.” आणि त्रेसष्टाव्या वर्षी पद्मा पुन्हा विद्यार्थिनी झाली.

हा अभ्यासक्रम शिकवायला माणूस नव्हता. मोबाइलमध्ये एक कृत्रिम बुद्धिमत्तेची शिक्षिका होती. संस्थेचे नाव मी देत नाही. बदनामीचा कायदा मला ठाऊक आहे. ही शिक्षिका शुद्ध मराठीत बोले, दहा-दहा मिनिटांचे धडे घेई, पद्मा जिथे चुकेल तिथेच परत नेई आणि प्रत्येक बरोबर उत्तराला “छान, पद्माताई!” म्हणे. दिवसातून तीस वेळा छान! एवढ्या वेळा छान म्हणायला मला स्वतःला साधारण तीस वर्षे लागली असती.

तेही मी सहन केले. परंतु एका सकाळी मी वर्तमानपत्र वाचत असताना स्वयंपाकघरातून स्पष्ट आवाज आला, “पद्माताई, आज तुम्ही थकलेल्या दिसता. थोडी विश्रांती घ्यायची का?”

मी ताडकन उठलो.

“हिला कसं कळलं तू थकलीस ते?”

“कॅमेऱ्यातून बघते की,” पद्मा कडक भाकरीचा डबा लावत म्हणाली. “आणि दिसतंच आहे ते. रात्रीपासून माझं अंग कणकणतंय.”

“मला बोलली नाहीस!”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

पत्नीच्या चेहऱ्यावरचा थकवा परक्या यंत्राने टिपावा आणि घरातच बसलेल्या पतीने टिपू नये, हे मला कायद्याच्या कोणत्याही चौकटीत बसेना. मी त्या संस्थेच्या अटी व शर्ती छापून आणल्या. छत्तीस पाने! एकतिसाव्या पानावर कलम सापडले: विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावरील भाव शैक्षणिक प्रयोजनार्थ नोंदवले जातील. इथे माझा संताप अनावर झाला आणि वाचन थांबवून मी लेखन सुरू केले.

संधीही आपणहून चालून आली. परीक्षा शनिवारी होती. सोमवारी सकाळी पद्माने मोबाइल माझ्या हाती दिला आणि म्हणाली, “तेवढा परीक्षेचा फॉर्म भरून द्या की. तुमचा हात बसलाय त्यात.” मी फॉर्म भरला. त्याखालीच ‘आपले हक्क’ असे पान होते. (हक्क दिसल्यावर पुढे जाणारा माणूस मी नव्हे.) तिथे चार परिच्छेदांचा अर्ज लिहिला: सबब, अर्जदाराची संमती मागे घेण्यात येत असून तिच्याविषयीची समस्त माहिती विनाविलंब नष्ट करावी. खाली पद्माचे नाव घातले आणि बटण दाबले.

दोन मिनिटांत उत्तर आले. “आपली विनंती मान्य करण्यात आली आहे.”

मान्य! मी तीनदा वाचले. माझे डोळे भरून आले, हे लपवत नाही. मी तसाच स्वयंपाकघरात धावलो.

“पद्मा, जिंकलो!”

“कुणाविरुद्ध?”

“तुझ्या त्या मास्तरणीविरुद्ध. तुझ्या वतीने!”

तिने हात पुसले, मोबाइल घेतला आणि धडा उघडला. शिक्षिका नेहमीच्याच गोड आवाजात म्हणाली, “नमस्कार! आपण इथे नवीन दिसता. आपलं नाव काय?”

पाच महिन्यांचे धडे, चाचण्या, परीक्षेला बसण्याची पात्रता, शनिवारचा फॉर्म, सगळे विनाविलंब नष्ट झाले होते. आमच्या घरी प्रेम मराठीत आणि राग तेलुगूत व्यक्त होतो. त्या दिवशी दोन्हींपैकी काहीच व्यक्त झाले नाही. ती फक्त एवढेच म्हणाली, “मला विचारते, तुमचं नाव काय.” आणि पाठमोरी होऊन कांदा चिरू लागली. चिरून झाल्यावरही कांदा चिरतच राहिली.

मी घाबरलो. माणूस घाबरला की देवाकडे जातो. मी दुसरा अर्ज लिहायला बसलो. विषय: पहिल्या अर्जावर झालेल्या अनुचित तत्परतेबाबत. त्याला उत्तर आले, “आपण आमचे विद्यार्थी असल्याची नोंद आढळत नाही.”

शेवटी मी शेजारच्या तबस्सुमकडे गेलो. ती मुलींच्या शाळेत संगणक शिकवते. जेवण व्हायचे असूनही ती तशीच उठून आली, मोबाइल पाहिला आणि कपाळाला हात लावला.

“या अल्ला! काका, ये क्या करके रखे तुम?”

“मी कायदेशीर हक्क बजावला.”

“काकूंचा हक्क तुम्ही बजावला? वा! अटी वाचल्या होत्या का पूर्ण?”

“प्रत्येक शब्द!” मी म्हणालो. (एकतिसाव्या पानापर्यंत हे खरे होते.)

तिने माझीच कागदपत्रे उचलली, पान उलटले आणि मोठ्याने वाचले, “खातेदारास बहात्तर तासांच्या आत विनंती मागे घेता येईल. तोवर माहिती राखून ठेवली जाईल.” ते बत्तिसावे पान होते! उभ्या आयुष्यात वकिलांना ‘पुढचं पान बघा’ असे सांगत आलेला मी, संतापाच्या भरात एक पान आधी थांबलो होतो.

विनंती मागे घेण्याचे कारण दोनशे अक्षरांत द्यायचे होते. मी मसुदा केला. त्यातला विषय आणि संदर्भ मिळून दोनशे बारा अक्षरे झाली. ‘महोदय’ अजून यायचेच होते.

“काका, कट करा,” तबस्सुम म्हणाली.

“काय कट करू? संदर्भाशिवाय पत्राला पाया राहत नाही!”

“इकडे द्या,” पद्मा म्हणाली. अभ्यास नष्ट झाल्यापासूनचे हे तिचे दुसरे वाक्य. तिने एका बोटाने टंकले: ‘अर्ज माझ्या नवऱ्याने केला. मला विचारलं नाही. माणूस वाईट नाही, सवय आहे. माझा अभ्यास परत द्या.’

माझ्या हयातीत माझ्याविषयी इतके संक्षिप्त आणि न्याय्य निकालपत्र कुणी लिहिले नव्हते.

बुधवारी सकाळी शिक्षिका म्हणाली, “पद्माताई, दोन दिवसांनी आलात!” मी त्या यंत्राला हात जोडले. हो, जोडले.

शनिवारी अकरा वाजता घरच्या घरी, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर पाऊण तासाची परीक्षा होती. लॅपटॉप तबस्सुमने दिला. नियम असा की खोलीत दुसरी व्यक्ती नको, दुसरा आवाज नको. यंत्र पाहत आणि ऐकत राहणार. मला घराबाहेर पायरीवर बसवण्यात आले. आदल्या दिवशी घरोघरी जाऊन मी सूचनापत्रे वाटली होती (जावक क्रमांकासह), आणि गल्लीने ती मानली! कुकर बंद, टीव्ही बंद. समोरच्या यल्लप्पाने तर पाऊण तास यंत्रमाग थांबवला. दिवसभर खटखटणारी ती गल्ली इतकी शांत मी कधी ऐकली नव्हती.

मग भंगारवाला आला. हातगाडीवर ध्वनिमुद्रित आवाज: जुना पंखा, जुना कूलर, रद्दी, डबे...

“बंद कर!” मी कडाडलो.

त्याने खटकन बंद केले. बिचारा खरोखर सज्जन होता. परंतु मी मुद्द्याला हात घातला होता आणि मुद्दा अर्धवट सोडणे मला जमत नाही. ध्वनिप्रदूषण, शांतता क्षेत्र, नागरिकाचे मूलभूत कर्तव्य... मी क्रमाने घेत गेलो.

“आवो आजोबा,” तो हळूच म्हणाला, “माजं कवाच बंद हाय. आता तुमीच वरडायलाव की!”

“मी ओरडत नाही! मी नियम सांगतोय!”

“मंग हळू सांगा की. आत परीक्षा हाय म्हनं.”

आत काय झाले ते पद्माने नंतर सांगितले. पडद्यावर लाल पट्टी आली: दुसरा आवाज आढळला, खोली दाखवा. तिने लॅपटॉप गोल फिरवला. तेवढ्यात यंत्राला भिंतीवरच्या आमच्या लग्नाच्या फोटोत माझा चेहरा सापडला. दुसरी व्यक्ती आढळली!

पद्मा शांतपणे कॅमेऱ्याला म्हणाली, “हे फोटोतले आहेत. हे बोलत नाहीत. बाहेरचे बोलतात.” फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि पुढचा प्रश्न सोडवायला घेतला.

निकाल आठ दिवस तपासणीसाठी राखून ठेवला गेला. ते आठ दिवस मी एक ओळ लिहिली नाही. माझे लेटरहेड मी स्वतः तबस्सुमच्या ताब्यात दिले. पद्मा रोज सकाळी शाळेच्या फाटकापर्यंत चालत जाई आणि परत येई, आणि मी तिच्या चेहऱ्याकडे पाहून, कोणत्याही यंत्राच्या मदतीविना, ती झोपली नव्हती हे ओळखायला शिकलो. विचारायलाही शिकलो. पहिल्यांदा विचारले तेव्हा ती दचकली.

नवव्या दिवशी निकाल आला. पद्मा उत्तीर्ण! आता रोज दहा ते अकरा ती शाळेत मुलांना ओळ वाचायला शिकवते आणि घरी येऊन मला सांगते, आज कुणी अख्खी ओळ न अडखळता वाचली. मी म्हणतो, “छान.”

निकालासोबत तपासणी अहवालही होता. त्यात माझ्यापुरता निष्कर्ष असा: ‘पार्श्वभूमीचा आवाज: पुरुष, वृद्ध, अखंड. परीक्षार्थीचे त्याकडे लक्ष नव्हते. गुणांवर परिणाम नाही.’ पंधरा दिवसांत हरकत घेण्याची मुभा होती. मात्र हरकत घेतल्यास प्रमाणपत्र निर्णयापर्यंत थांबणार होते. माझी बाजू भक्कम होती. ‘अखंड’ हा शब्द वस्तुस्थितीला धरून नाही. मी मध्ये दोनदा पाणी प्यायलो होतो, भंगारवाला साक्षीला आहे. तरीही मी मुदत जाऊ दिली. कारण लग्नाला एकेचाळीस वर्षे होऊनही मला ज्याचा पत्ता नव्हता, तो माझा संसार त्या यंत्राने पाऊण तासात, एकही पान न वगळता, बिनचूक नोंदवला होता.