पांढरी की निळी : एक फेरी नामपूरची

पांढऱ्या गाडीची किल्ली हातात पडल्यावर मी आधी काय केलं असेल, तर वरचं काचेचं छत उघडलं. जानेवारीची थंडी भसकन आत आली. मागच्या सीटवरून आई म्हणाली, "लाव गं ते, कान दुखतील." अशी आमची नामपूरची सहल सुरू झाली.

महिनाभर मी आणि माझा नवरा संजय ऐषारामी क्रॉसओव्हर एसयूव्ही बघत होतो. पंचावन्न लाखांच्या आसपासच्या. हा आकडा मी अजूनही हळू आवाजातच उच्चारते. पण निमित्त खरं होतं. दोन वर्षांपूर्वी आईच्या कमरेचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून ती माहेरी गेलेली नाही. एकदा जुन्या गाडीतून निघालो होतो, देवळ्याहून परत फिरावं लागलं. तिचा धाकटा भाऊ, आमचा आबामामा, दर आठवड्याला फोन करून "कधी येतेस?" विचारतो आणि आई "बघू" म्हणते. तिला नामपूरला नेणारी गाडी हवी होती. बाकी सगळी आमची हौस.

शेवटी दोन गाड्या उरल्या. पांढरी मागे उतरत्या छताची, देखणी, पाय ठेवला की झेपावणारी. निळी उभट, संजयच्या भाषेत 'डबा'. दोन्ही शहरात वीस-वीस मिनिटं चालवून झाल्या होत्या आणि आमचा कौल पांढरीकडे होता. तुम्हीही असे अडकला असाल तर एक सांगते, शोरूमला दिवसभरासाठी गाडी मागा. आम्हाला लायसन्सची प्रत आणि दोन सह्यांवर मिळाली, अडीचशे किलोमीटरच्या मर्यादेत. नामपूरला जाऊन येणं त्यात बसतं.

इंदिरानगरहून हायवेला लागलो आणि ओझर कधी मागे पडलं कळलं नाही. पिंपळगावच्या टोलनाक्यापुढे मिसळ खाल्ली. दही-पापडासकट शंभर रुपये, तर्री मागाल तितकी. सोग्रस फाट्याला डावीकडे वळल्यावर रस्ता अरुंद होतो, पण भावडबारीच्या घाटात या गाडीने जी मजा आणली! वळणावर जराही कलत नव्हती. सटाण्याच्या अलीकडे डाळिंबाच्या बागा सुरू झाल्या आणि मी स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरला. पंचेचाळिशी उलटल्यावर एखादी नवी गोष्ट इतकी आवडू शकते, याचंच मला अप्रूप वाटत होतं.

"आई, कशी वाटते गाडी?" मी दर अर्ध्या तासाने विचारत होते.

"छान आहे गं."

नामपूरजवळ कांद्याच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागली होती. तिच्या कडेकडेने आम्ही मामाच्या दारात पोचलो. मामा सकाळीच लिलावातून मोकळा होऊन आला होता. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली.

"गाडी भारी शे," तो म्हणाला. मग त्याची नजर आईकडे गेली. आईने गाडीच्या दाराची चौकट धरली होती आणि पाऊल टाकण्याआधी ती थांबली होती. आम्ही दोघं तेव्हा डिकी किती मोठी आहे ते मामीला दाखवत होतो.

मामा मागच्या सीटवर जाऊन बसला. बसताना त्याची टोपी छताला घासली, गुडघे पोटाशी आले.

"जवाईबापू, इथे बसून पाह्यलं का तुम्ही?"

"नाही मामा. आम्ही पुढेच असतो ना."

"लिलावात वरना थर सगळाच चांगला लावतस. ट्रॉली खाली झाली का वांधा निघस." वांधा म्हणजे दाखवलेल्या मालात आणि निघालेल्या मालात फरक पडल्यावरचं भांडण. "आक्का, जाताना तू पुढे बस."

आईला ते पटेना. "जावई गाडीत असताना मी पुढे बसू? बरं दिसतं का ते?"

"त्याला आम्ही मागे टाकू," मामी म्हणाली. "बसू दे घडीभर. जवाई काय काचेचा शे?"

कळण्याची भाकरी, शेवभाजी आणि ठेच्यावर आडवा हात मारून निघालो. मी चालवत होते, आई संकोचून शेजारी, संजय मागे. घाट यायच्या आधीच आरशात त्याची चुळबुळ दिसायला लागली. देवळ्याला तो म्हणाला, "जरा थांबव. कंबर धरलीय." त्याच्या कमरेचं कधी कसलं ऑपरेशन झालेलं नाही.

मी आईकडे पाहिलं. "जाताना दुखत होतं?"

"तुम्ही दोघं किती खुशीत होता," ती म्हणाली. "त्यात मी कुठे कुरकुर करू?"

जिच्यासाठी गाडी घ्यायची, तिला आम्ही कधी मागे बसवून पाहिलंच नव्हतं. आणि ती पुढे बसणार नव्हती, हे मला लग्नापासून माहीत होतं.

दोन दिवसांनी निळी मागवली. या वेळी मी आईसोबत मागे बसले. सीट उंच, खुर्चीसारखी. पाय सरळ खाली टेकतात, दार रुंद उघडतं. छताची काच लहान आहे, आणि पांढरीसारखी ती झेपावत नाही. ओझरपर्यंत जाऊन वळायचं ठरलं होतं. विमानाच्या कारखान्याची भिंत दिसेपर्यंत आईला झोप लागली होती. गाडीत कधीही न झोपणारी बाई. संजयने आरशातून पाहिलं, मी मान हलवली आणि तो न वळता सरळ पिंपळगावपर्यंत गेला.

निळी बुक केली. दोन महिने थांबावं लागणार आहे. पांढरी रस्त्यात दिसली की अजून मान वळते, खोटं कशाला सांगू? पण आता आईला "कशी आहे?" असं विचारणं मी सोडलंय. "कुठे दुखतंय?" असं विचारते. त्याला "छान" हे उत्तर देता येत नाही.

काल मी भाजी निवडत होते आणि ती मामाशी फोनवर बोलत होती.

"गाडी आली की येते रे आबा. नाही, तासाभराला नाही, चांगली आठ दिवस राहते." मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "आणि माझ्यासाठी खाट काढून ठेव. मला खाली झोपवत नाही आता."