लोण्यातलं नाक

आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. आई-बाबांच्या कामगार संघटनेची पत्रकं दुमडतच मी मोठी झाले. त्यामुळे कुठलंही चित्र पाहिलं की यात राबणारा माणूस कुठाय, हे मी आधी शोधते. टेक्सासच्या शेतकी जत्रेतही तेच झालं.

आता मी टेक्सासमधल्या प्लेनोत राहते. इथल्या शेजारच्या काकू दरवर्षी जत्रेत लोण्याची शिल्पं करणाऱ्या बाईंच्या हाताखाली काम करतात. यंदा त्यांनी मलाही नेलं. बाहेर ऊन भाजत होतं आणि काचेच्या थंड खोलीत आम्ही स्वेटर घालून तारेच्या सांगाड्यावर लोणी थापत होतो. लोणी जुनंच, दरवर्षी तेच वापरतात. त्याचा खवट वास हातांवरून जायचा नाही. देखावा ठरलेला होता: गाय, शेतकरी आणि दुधाचा ग्लास घेतलेली मुलगी.

"आणि धारा काढणारा?" मी विचारलं.

"झालं हिचं सुरू!" काकू म्हणाल्या.

पण बाईंना पटलं. देखाव्यात गाईपाशी गुडघ्यावर बसलेला एक माणूस वाढला. चेहरा खऱ्या माणसावरून घ्यायची त्यांची रीत. शेजारच्या गोठ्यात प्रदर्शनातल्या गाईंच्या धारा काढणारा ग्वाटेमालाचा तरुण त्यांनी हेरला, आणि तो लोण्यात हुबेहूब उतरला. मी तर हरखूनच गेले.

उद्घाटनाच्या सकाळी तो काचेवर टकटक करू लागला. मी बाहेर गेले.

"मिस, ते माझं नाक आहे," तो तुटक इंग्रजीत म्हणाला.

मी हसले. तो हसला नाही.

"लोक फोटो काढतील, सगळीकडे टाकतील. माझ्याकडे इथे राहायचे कागद नाहीत, मिस. प्लीज."

मागे पोलिसांची गाडी दिसली तरी स्टिअरिंगवर माझे हात गार पडतात, आणि माझ्याकडे तर व्हिसा आहे.

बाई मुलाखत द्यायला गेल्या होत्या. मी काकूंना सगळं सांगितलं.

"त्यांना न विचारता हात लावायचा?"

"विचारलं तर कारण सांगावं लागेल, काकू."

 काकूंनी सुरी माझ्या हातात दिली. "जपून, मान तुटेल. तुमच्या पत्रकांत नुसत्या मुठी असतात, चेहरे नसतात. उगीच नाही."

मी नाक तासलं. काचेपलीकडून त्याने हात हलवला: अजून. गालांची हाडं गेली. अजून. मग भुवया, हनुवटी. काकूंनी लोण्याची टोपी पार डोळ्यांवर ओढली, तेव्हा कुठे त्याने मान डोलावली.

बाई परतल्या आणि बघतच राहिल्या. "लोणी ढासळलं," काकू म्हणाल्या, "टोपीने झाकलं."

दारं उघडली. गर्दी काचेला चिकटली, फोन वर गेले. मी मधूनच गोठ्याकडे बघत होते. दुपारी त्याच्या जागी दुसराच कुणी शेण ओढत होता. तो कुठे गेला, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं. पण विचारलं की कुणीतरी विचारणार, कोण तो? मी पुन्हा आत गेले आणि गाईच्या शेपटीवर लोणी थापत बसले.