काळूबाबाने चढवलेले बॉम्ब

सायवनचा काळूबाबा त्र्याण्णव वर्षांचा होता. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात तो, सूर मारून बॉम्ब टाकणाऱ्या विमानांवर बॉम्ब चढवायचा. पाड्यात हे कोणी खरं मानत नसे. शेजारची भिकी तर चिडवायची, “बाबा, आज किती बॉम्ब चढवलेस?”

२०१५ मध्ये आम्ही चौघे सागाचा ओंडका टेम्पोत चढवत होतो. तीनदा घसरला. बाबा काठी टेकत आला.

“ओढू नका रे. गुडघ्यात वाका. मी ‘हं’ म्हटलं की उचला.”

ओंडका एका दमात चढला. मी तीस वर्षं हमाली केली, पण ओझं इतकं हलकं कधी लागलं नव्हतं.

“आमचा कमांडर साहेब स्वतः विमान उडवायचा. मी चढवलेला त्याचा एकही बॉम्ब अडकला नाही,” बाबा म्हणाला.

भिकीने खाट आणून त्याला बसवलं. “साहेब परत यायचा का, बाबा?”

“रोज. उतरला की आधी मला हात करायचा.”