खरपुडीच्या दोन फोडी

शेजारच्या मुमताजचा फोन आला तेव्हा मी पुण्याला मुलाकडे होते. “काकू, शकूआत्या उठंनात की... लवकर या,” एवढंच ती बोलली. माझी नणंद, शकूवन्सं, झोपेतच गेल्या होत्या. गावी होटगीला पोचले तर अंगण माणसांनी भरलेलं. आता महिना उलटला, माणसं आपापल्या कामाला लागली आणि घर मला खायला उठतं.

लग्न होऊन आले तेव्हा वन्सं माझ्याच वयाच्या. श्रावण सरला की आम्ही दोघी शेळ्या घेऊन रेल्वेच्या रुळांपलीकडच्या माळावर जायचो. तिथं काटेरी झुडपांच्या आधारानं खरपुडीचा वेल चढलेला असायचा. कंदिलासारखं इवलं फूल दिसलं की वन्सं खुरप्यानं मुळाशी उकरायच्या आणि कांद्याएवढा कंद बाहेर काढायच्या. पाला भाजीला घरी न्यायचा, कंद मात्र तिथंच, कच्चा खायचा. कुरकुरीत, आधी गोडसर आणि मग घशाशी जरा कडू... पहिल्या दिवशी त्यांनी कंद सोलून दोन फोडी केल्या नि म्हणाल्या, “मी कापलं, आता आदी तू उचल. कापणाऱ्यानं आदी उचलायचं न्हाय.” सासरी सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरेल ते खाणारी मी. बावरून बारकी फोड उचलली, तर हातावर चापट बसली. “वैनी, मोठी घे की! लाजायला मी काय तुझी सासू हाय व्हय?” त्या घरात मला आधी घे म्हणणारं ते पहिलंच माणूस.

पुढं नवऱ्यानं टाकलं म्हणून वन्सं माघारी आल्या. माझे यजमान गेले, मुलं शहरात गेली, आणि म्हातारपणी आम्ही दोघीच उरलो. भांडायचो, दोन-दोन दिवस अबोला धरायचो, पण भाद्रपदात माळ कधी चुकला नाही. खुरपं कायम त्यांच्याच हातात. “तुझ्या फोडी वाकड्या हुत्यात,” म्हणून मला एकदाही कापू दिलं नाही. ते निमित्त होतं, हे मला कळायचं. मी निमूट मोठी फोड घ्यायची आणि त्या खूश व्हायच्या.

परवा एकटीच माळावर गेले. जाताना बोलायला कुणी नव्हतं, येतानाही नाही. फार एकटं वाटलं. वेल सापडला, त्याला फूलही होतं. कंद घरी आणून धुतला, सोलला, आणि नेहमीसारख्या दोन फोडी केल्या. वाकड्याच झाल्या. ताटलीत ठेवून उंबऱ्याशी बसले, एक उचलणार तोच थांबले... या वेळी मी कापलं होतं.

“वन्सं, मोठी तुमी घ्या,” म्हटलं आणि ताटली पुढं सरकवून तशीच बसून राहिले.