बाभळीपाशी थांबणारी गाडी

“मंग आपला अर्ज बाद झाला काहून?” वंदनाताईंनी विचारलं. त्या नुकत्याच गाडीखालून बाहेर आल्या होत्या. हातात पाना होता.

उत्तर पाठ करूनच मी यवतमाळहून बसनं आलो होतो. आल्या आल्या एवढंच म्हणालो होतो, की अर्ज बाद व्हायचं खरं कारण वेगळं आहे.

पांढरकवड्याला हायवेच्या कडेला वंदनाताईंचं गॅरेज आहे. जुन्या मालवाहू ऑटोचं डिझेल इंजिन काढून त्याजागी बॅटरी आणि मोटर बसवायची, असा त्यांचा प्रयोग. धूर नाही, डिझेल नाही आणि नवी गाडीही घ्यावी लागत नाही. अशा कामाला सरकारी अनुदान मिळतं. ते शोधून अर्ज लिहिणं हा माझा धंदा. वर्षभरापूर्वी त्यांचा अर्ज मीच लिहिला होता. तो बाद झाल्यावर त्यांनी नागपूरच्या एका शोरूममध्ये नोकरी धरली. पुढच्या महिन्यात रुजू व्हायचं होतं. म्हणून त्या दिवशी त्या प्रयोगाची गाडी खोलायला बसल्या होत्या.

“अर्ज मी चुकवला, ताई,” मी म्हणालो. “दिल्लीवाले आपल्याकडच्यांना देत नाहीत, असं मी सांगितलं. ते खोटं होतं.”

मग सगळं सांगितलं. अशा अर्जात ‘टीआरएल’ नावाचा एक रकाना असतो. तंत्रज्ञान किती तयार आहे, ते एक ते नऊ आकड्यांत लिहायचं. एक म्हणजे कागदावरची कल्पना. चार म्हणजे वर्कशॉपमध्ये चालणारा नमुना. सात म्हणजे रस्त्यावर, खऱ्या कामात टिकलेली गाडी. नऊ म्हणजे बाजारात विक्रीला. ताईंची गाडी चारवर होती. मी सात लिहिलं. योजना होती चारवरून सातवर नेण्यासाठी. आम्ही पोचलोच असू, तर ते कशाला नेतील? नकाराच्या ईमेलमध्ये एकाच ओळीत तसं लिहिलं होतं. ती ओळ मी ताईंना दाखवली नाही.

असं का केलं, याचं कारणही सांगायला हवं. त्याआधी वीस वर्षं मी डाळमिल आणि जिनिंगवाल्यांसाठी बँकेचे प्रोजेक्ट रिपोर्ट लिहिले. तिथे सगळं वाढवून लिहायची सवय लागली. बँकेला धोका नको असतो. अनुदान धोक्यासाठीच असतं, हा साधा फरक माझ्या डोक्यात शिरला नव्हता. आणि चूक कळल्यावर ती कबूल करायची हिंमत झाली नाही.

रफिकचाचा गाडीला टेकून ऐकत होते. चाचणीची गाडी तेच चालवायचे. “वा साहेब! गाडीचं पोट फाडून झाल्यावर सांगून राह्यले!”

वंदनाताईंनी उठून शटर आतून खाली ओढलं आणि ऑइलपेंटचा डबा उघडला.

ते शटर त्यांची वही होती. गाडी कुठेही बंद पडली की आतल्या बाजूला तारीख, जागा आणि कारण लिहायचं. दुरुस्ती झाली की ओळीपुढे बरोबरची खूण. जुन्या अर्जासाठी फोटो काढताना या नोंदी दिसू नयेत म्हणून मीच शटर वर गुंडाळायला लावलं होतं.

त्यांनी तारीख टाकून लिहिलं : ‘अर्ज बंद पडला. कारण : चारच्या जागी सात.’

“योजना पुन्हा उघडलीय, ताई. दहा दिवस आहेत,” मी म्हणालो.

“या खेपेला खरं लिहाल तर थांबते. नाही तर मले नागपूर बरं.”

मी शटरवरची ओळन्‌ओळ अर्जात उतरवली. जुनी खोड मात्र सुटेना. एके ठिकाणी ‘किरकोळ तांत्रिक अडचण’ असं लिहून गेलो. मसुदा वाचून ताईंचा फोन आला. “किरकोळ कायची, साहेब? धूर निघाला होता!” मी ‘मोटर जळाली’ असं केलं. टीआरएल चार लिहिलं. सगळ्यात मोठी अडचणही लिहिली. भरल्या गाडीनं चढ घेताना कंट्रोलर तापतो आणि स्वतःहून बंद होतो. कंट्रोलर म्हणजे बॅटरीतून मोटरला मोजून करंट देणारा डबा. तो थंड ठेवायची रचना करण्यासाठीच आम्हाला अनुदान हवं होतं.

पहिल्या चाळणीतून अर्ज पुढे गेला. मग पाहणीला दोघं आले. एक अबोल इंजिनिअर आणि पुण्याच्या एक प्राध्यापक बाई.

“भरून चालवून दाखवा,” बाई म्हणाल्या.

खोललेली गाडी ताईंनी पुन्हा जोडली होती. आम्ही तिच्यात कापूस भरला. रफिकचाचा पुढे, आम्ही चौघं मागे जीपमध्ये. सपाट रस्त्यावर गाडी झकास पळाली. मला वाटलं, आज निभावते. चढ सुरू झाला. वंदनाताईंनी मोबाइलवर कंट्रोलरचं तापमान पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, “आता बंद पडते. त्या दुसऱ्या बाभळीपाशी.”

मी त्यांना खुणेनं गप्प करायला बघत होतो.

पहिली बाभूळ गेली. दुसऱ्या बाभळीपाशी गाडी थांबली.

“नवरी रुसली!” रफिकचाचा पुढून ओरडले. “दहा मिनिटं थांबा, निवली की येते.”

बाईंनी घड्याळ लावलं. नवव्या मिनिटाला गाडी निघाली. बाई मोठ्यानं हसल्या. “गाडी बंद पडणार नाही, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. कुठे बंद पडेल ते सांगणारं आज पहिल्यांदा भेटलं.”

गॅरेजमध्ये परतल्यावर त्यांनी शटर वाचायला घेतलं. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. “चारच्या जागी सात. हे कोणी केलं?”

मी हात वर केला. इंजिनिअर पहिल्यांदाच बोलले, “कारण सापडलंय ना? मग झालं.”

दोन महिन्यांनी मंजुरीचं पत्र आलं. पूर्ण रक्कम, एकही कपात नाही. कंट्रोलर थंड ठेवायची रचना, रस्त्यावरच्या चाचण्या, प्रमाणपत्र, सगळं त्यात आलं. मी पत्राची प्रिंट घेऊन पांढरकवड्याला गेलो, तेव्हा रफिकचाचांनी पेढ्यांचा पुडा आधीच फोडला होता. ताईंनी शोरूमला तर अर्ज गेला तेव्हाच नाही म्हणून कळवलं होतं.

“ताई, आता माझी ती ओळ पुसून टाका,” मी म्हणालो.

“कायले? इथं पुसत नसते.”

त्यांनी ब्रश बुडवला आणि माझ्या ओळीपुढे बरोबरची ठळक खूण केली.

आता कोणीही अर्जासाठी आलं की मी आधी विचारतो, गाडी कुठे बंद पडते? कुठेच नाही, असं म्हणणाऱ्याला मी बँकेचा पत्ता देतो.