धाकट्याची खोली

कर्नलसाहेब विलायतेला परत गेले त्या सकाळी मस्कतच्या विमानतळावर त्यांच्या बॅगा मीच उतरवल्या. इतकी वर्षं त्यांच्या घरी स्वयंपाक केला, म्हटलं दोन शब्द बोलतील. हात पुढे केला, "खलास, सुरेश," म्हणाले आणि काचेच्या दारातून आत गेले. वळून बघतील म्हणून मी उभा राहिलो. शेवटी पोलिसाने गाडी हलवायला सांगितली.

गावाकडचे दादा, वहिनी, आणि माझ्यासारखेच गाव सोडून इथे मस्कतच्या दार्सैत भागात राहिलेले तुम्ही सगळे विचारता, सुरेश अजून का धुमसतोय? मालक काय, येतात नि जातात. म्हणून एकदा सांगून टाकतो.

मी राजापूरहून निघालो तेव्हा आई पडवीत उभी होती. रडली-बिडली नाही. "जा, पण घरातली तुझी जागा सोडू नको," एवढंच म्हणाली. मला वाटलं, म्हातारी जमिनीबद्दल बोलतेय.

मस्कतजवळ अल हैलला साहेबांकडे स्वयंपाकाला लागलो. माणूस खरोखरच लाटसाहेबाच्या घराण्यातला. पण त्यांच्यात रीत अशी, की हवेली, शेतं, किताब, सगळं थोरल्याला. धाकट्याच्या हातात बंदूक. साहेब विशीत फौजेत गेले, पुढे इथे सुलतानांच्या फौजेत अधिकारी होऊन दक्षिणेकडच्या सलालाच्या डोंगरात बंडखोरांशी लढले. मांडीत गोळी घुसली होती, जिना चढताना पाय ओढायचे. लढाई संपली, बाकीचे गोरे परतले, हे राहिले. लग्न नाही, पोरंबाळं नाहीत. संध्याकाळी अंगणात बसून बलुची शिपायांकडून शिकलेल्या हिंदीत सांगायचे, "हम दोनों छोटा भाई, सुरेश. छोटे का घर नहीं होता. तुम्हारा घर भी यहीं." आणि चहाचा दुसरा कप स्वतःच्या हाताने माझ्यापुढे सरकवायचे. मी भाळलो. कोण नसतं भाळलं?

दादा, आई गेल्यावर तू नवं घर बांधायला काढलंस, तेव्हा फोन केला होतास. "तुझी खोली काढू ना रे?" मी ऐटीत म्हटलं, "कशाला उगाच? मी काय आता येतोय?" तू बरं म्हणालास. साहेबांना सांगितलं तर त्यांनी पाठ थोपटली.

आणि एक दिवस विलायतेहून फोन आला. थोरला भाऊ गेला, त्याला मूलबाळ नव्हतं. सगळं साहेबांकडे आलं. मला वाटलं, हसतील आणि नको म्हणतील. संध्याकाळी बघतो तर कपाटावरच्या बॅगा खाली. "और मैं, साहेब?" मी विचारलं. "इन्शाल्ला, कुछ हो जाएगा." अर्बाब, म्हणजे मालक लोक, नाही म्हणायचं असलं की हेच म्हणतात, इथं राहिलेल्यांना माहीत आहे. माझा व्हिसा रद्द झाला. मस्कतमधल्याच रुवीच्या एका हॉटेलवाल्याने ठेवून घेतलं म्हणून टिकलो.

तेही मी गिळलं असतं. पण नाताळात साहेबांचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. लहानशी खोली, लोखंडी खाट, फळीवर लाकडी घोडा. खाली लिहिलं होतं, ही माझी लहानपणची खोली. भावाने कुणाला हात लावू दिला नाही, दर वर्षी कळवायचा, तुझी खोली तयार आहे, कधी येतोस?

म्हणजे साहेबाला ठाऊक होतं. अंगणात बसून मला छोट्याचं घर नसतं म्हणून सांगत होता, तेव्हाही ठाऊक होतं. खोटं बोलला माणूस माझ्याशी, आणि ते खोटं धरून मी माझ्या सख्ख्या भावाला नको म्हटलं.

मे महिन्यात गावी आलो तेव्हा तुम्ही पडवीत खाट घातलीत. वहिनींनी पाहुण्यांची चादर काढली. सकाळी विचारलं, "भावोजी, झोप लागली ना नीट?" प्रेमानेच विचारलं, पण घरच्या माणसाला असं कोणी विचारत नाही. मला तिथंच रडू फुटलं असतं, म्हणून मी विहिरीवर गेलो.

आता कोणी घर कुठे विचारलं, की मला फक्त तुझा तो फोन आठवतो. दादा, पुन्हा एकदा विचारशील?