थ्येनवांगच्या आवाजातल्या रिकाम्या जागा

बीहुआचं तोंड तिखट. ताइनान शहरातल्या आमच्या गल्लीत तिचं जुने कॉम्प्युटर दुरुस्त करायचं दुकान आहे आणि भिंतीला भिंत लागून माझं किल्ल्या बनवायचं. त्यामुळे तिचं बोलणं मला दिवसभर फुकट ऐकायला मिळतं. मरायला टेकलेल्या डिस्कमधून ती लोकांचे फोटो, गाणी, काय काय काढून देते, पण चार शब्द सुनावल्याशिवाय देत नाही. तरी गिऱ्हाईक येतं, कारण ती खोटी आशा लावत नाही. गेलं ते गेलं, असं तोंडावर सांगते.

आमच्या देवळातल्या माझूदेवीच्या वाढदिवसाला आठवडा उरला असताना चाओल्यांग एक जुनाट कॉम्प्युटर छातीशी धरून आला. बाहुल्यांचा खेळ करणाऱ्या थ्येनवांगचा हा मुलगा. थ्येनवांग हिवाळ्यात वारला. सेनापती, राजकन्या, म्हातारी, राक्षस, सगळे आवाज तो एकटा काढायचा. पुढे दम लागायला लागला, तेव्हा त्यानं सगळे खेळ या कॉम्प्युटरमध्ये बोलून ठेवले. मग देवळापुढे त्याचा आवाज वाजायचा आणि चाओल्यांग नुसत्या बाहुल्या नाचवायचा. खेळात त्यानं कधी तोंड उघडलं नव्हतं. तुझा गळा बदकाचा आहे, असं बापानं लहानपणीच सांगून टाकलं होतं.

आता ती डिस्क टकटक करत होती आणि दुसरी प्रत कुठेच नव्हती. आवाज मिळाला नाही तर देवीपुढचा खेळ बंद, आणि त्यानंतरचेही सगळे.

कॉम्प्युटरवर मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट चिकटवलेलं होतं. त्या खाऊच्या नावाचा अर्थच 'शहाण्यासारखं वाग', म्हणून मशीन बिघडू नये यासाठी आम्ही सगळेच ते ठेवतो. बीहुआनं ते उलटून तारीख वाचली.

"अरे, याची मुदत कधीच संपलीय! शिळ्या खाऊवर कोण शहाण्यासारखं वागेल?"

"ताई, चेष्टा नको ना."

"बरं. बिघडल्यावर काय काय उद्योग केलेस?"

"सारखी चालू करून बघितली. मग कुणीतरी म्हणालं, डिस्क गारठवली की चालते. म्हणून बाहेर काढून फ्रीजरमध्ये ठेवली. माशाच्या गोळ्यांशेजारी."

"मग सूपमध्ये उकळायचीस की! तेवढंच राहिलं होतं."

पण काम सुरू झालं तशी ती गप्प झाली. अशा डिस्कला फार वेळा हात लावता येत नाही. आधी सहज वाचता येईल तेवढं उचलायचं, अडेल तिथे रेंगाळायचं नाही, आणि अडलेल्या जागांकडे शेवटी वळायचं. ती टकटक ऐकत बसायची आणि मधेच डिस्क बंद करून तिला विसावा द्यायची. माणसांच्या बाबतीत इतका धीर मी तिच्यात कधी पाहिला नाही. शेवटी डिस्क कायमची थंडावली.

पुष्कळसं मिळालं होतं. पण देवीपुढे करायच्या खेळात म्हातारीचं बोलणं जागोजागी गेलं होतं. जे वाचता आलं नाही तिथे बीहुआनं तेवढ्याच लांबीची शांतता ठेवली होती.

चाओल्यांग ऐकायला आला. स्पीकरमधून थ्येनवांग गरजला आणि माझे डोळे भरले. हा माणूस मला जन्मभर चोरांचा मामा म्हणत आला होता. मग वाक्याच्या मधेच आवाज तुटला.

"हे रिकामं कापून टाका ना," चाओल्यांग म्हणाला. "जोडून घ्या. कुणाला कळणारही नाही."

"कापणार नाही. कापलं तर अर्ध्या वाक्याला अर्धं वाक्य चिकटेल. आणि काय गेलं, तेसुद्धा विसरशील."

"मग तेवढा वेळ बाहुलीनं करायचं काय? ढिम्म उभं राहायचं?"

"मला काय विचारतोस? बाहुली तुझ्या हातात आहे."

तो आभारही न मानता निघून गेला. "दगड आहेस तू," मी बीहुआला म्हणालो.

"तुम्ही तुमच्या किल्ल्या घासा," ती म्हणाली.

देवीच्या दिवशी ट्रकवरचा रंगमंच देवळाकडे तोंड करून उभा राहिला. बघायला आत देवी आणि बाहेर आम्ही थोडे म्हातारे. चाओल्यांगची आई श्यूजू पडद्याआड आवाजाच्या मशीनपाशी बसली होती. लढाईहून परतलेला सेनापती दारात आला. म्हातारीनं हात वर केला, "बाळा," म्हणाली, आणि आवाज गेला. हात तसाच वर. शेजारचा म्हातारा बिया चघळायचा थांबला.

"आत ये की मेल्या! चिखलाचे बूट घेऊन उंबऱ्यात काय उभा राहिलास?"

पडद्यामागून चाओल्यांग बोलला होता. गळा खरोखरच बदकाचा, फाटका, चिरका. म्हातारीला तो असा शोभला की आधी एक जण हसला, मग सगळे. पुढच्या रिकाम्या जागांत तो न अडखळता बोलला. बीहुआ चष्मा पुसत बसली होती आणि मी त्या दिवशी तिला चिडवलं नाही.

पुढच्या महिन्यात तो पुन्हा दुकानात आला.

"आता काय गोठवलंस?" बीहुआनं विचारलं.

"काही नाही. ताई, त्या खेळातलं म्हातारीचं उरलेलं बोलणंही काढून टाका. सगळं. तिथे नुसती जागा ठेवा."

बीहुआनं हातातला पेचकस खाली ठेवला. "बापाचा आवाज आहे तो. जीव काढून मिळवलाय मी. आईला विचारलंस?"

"तिनंच पाठवलंय," चाओल्यांग म्हणाला. "म्हणते, म्हातारी बोलायला लागली की मी हल्ली तुझ्याच आवाजाची वाट बघते."